हिरव्या मोटारसायकलपाशी मी पेटलो तेव्हा

मित्रांनो, टेस्ट लॅम्प हे नाव मला जरा मोठेच होते. मी एक जुना, अंगठ्याएवढा बल्ब आहे. दोन वायरी, एकीच्या टोकाला दातेरी चिमटा, दुसरीच्या टोकाला सायकलची तार घासून केलेली सुई, एवढाच माझा संसार. मोटारसायकल चालू होईनाशी झाली की तिच्यात वीज कुठवर पोहोचते आणि कुठे अडते, ते शोधायला मला बाहेर काढतात. वीज मिळाली तर मी पेटतो, नाही मिळाली तर नाही. याहून जास्त बोलण्याची मला सवय नाही. त्यामुळे आपली कहाणी सांगायला बसलो खरा, पण ती मला नीट जमेल की नाही, याची धास्तीच वाटते.

मला घडवले ते दोन भावांच्या वडिलांनी. रस्त्याला लागून त्यांचे एका शटरचे गॅरेज होते. मोडीत निघालेल्या स्कूटरच्या इंडिकेटरमधून त्यांनी मला काढले, वायरींना डाख दिला आणि शर्टाच्या खिशात ठेवले. बंद गाडी आली की ते आधी गाडीचे उघडे लोखंड शोधत, माझा चिमटा त्याला लावत आणि सुई एकेका जागी टेकवत जात. फ्यूज, मग किल्लीचा स्विच, मग कॉइल. “बघा, बोलला!” असे ते गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत. त्या शब्दांनी मी थोडा जास्त उजळत असे, असे मला वाटते. किंवा बॅटरी नवी असेल.

वडील गेले. गॅरेज थोरल्याकडे आले आणि त्याबरोबर मीही. धाकटा दूरच्या शहरात नोकरीला गेला. वडिलांची मोटारसायकल धाकट्याला द्यायची, हे त्यांच्या हयातीतच ठरले होते. पण सुटे भाग आणायला थोरल्याला ती लागे. शिवाय तिच्यावर बसले की वडील जवळ असल्यासारखे वाटे. “पुढच्या खेपेला ने,” म्हणत त्याने वर्षे ढकलली. धाकट्याने आधी गाडी मागणे सोडले, मग फोन करणेही.

अखेर थोरल्यानेच फोन केला. “ये आणि घेऊन जा. तुझीच आहे ती.”

मग त्याने गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडली, गंज घासून काढला आणि वडिलांच्या आवडीचा गडद हिरवा रंग दिला. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा.

“अहो, भावोजींना गाडी द्यायचीय ना?” त्याची बायको हसून म्हणाली. “की लग्नाला उभी करायचीय?”

“तू बघच. ओळखणार नाही तो!”

धाकटा एका सकाळी आला. हातात नवे कोरे हेल्मेट होते. तो गाडीभोवती फिरला, टाकीवर तळहात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, बाबांनी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा अशीच दिसत होती रे.” थोरला उगाचच फडके शोधू लागला.

धाकट्याने किल्ली फिरवली. दिवा लागला नाही, हॉर्न वाजला नाही. किका मारून मारून तो घामाघूम झाला. गाडी ढिम्म.

थोरल्याने मला काढले. मित्रांनो, चुकले ते इथे. चिमटा घेऊन त्याचा हात सांगाड्याकडे गेला आणि थबकला. माझ्या दातांचा त्या नव्या रंगावर ओरखडा उठला असता. म्हणून त्याने चिमटा बॅटरीच्याच उणे टोकाला लावला. सुई फ्यूजला टेकली, मी पेटलो. स्विचपाशी पेटलो, कॉइलपाशीही पेटलो. मी खोटे बोललो नाही, तिथे वीज होतीच. पण विजेला बॅटरीकडे परत यायलाही वाट लागते, आणि ती गाडीच्या सांगाड्यातून जाते. त्या वाटेबद्दल मला कुणी विचारलेच नाही.

“करंट तर सगळीकडे येतोय,” थोरला पुटपुटला. त्याने प्लग बदलला, कॉइल बदलली. बॅटरीची वायर सांगाड्याला जोडणारा अर्थिंगचा बोल्ट चाचपून पाहिला. तो घट्ट होता.

“रंगाच्या आधी चालत होती ना?” धाकट्याने विचारले.

“अरे, एका किकमध्ये!”

“मग आजच बरी रुसली.”

“म्हणजे काय म्हणायचंय तुला?”

“बल्ब पेटतोय, गाडी पेटत नाही, आणि तुझ्यासारख्या मेकॅनिकला कळत नाही? द्यायची नसेल तर तसं सांग ना, दादा. हे नाटक कशाला?”

“भावोजी, असं नका हो बोलू. किती जीव ओतलाय त्यांनी यात!”

“तेच तर म्हणतोय, वहिनी. माणूस एवढा जीव स्वतःच्या गाडीतच ओततो.”

थोरल्याने सुई पुन्हा कॉइलला टेकवली. साक्षीला फक्त मी होतो, आणि मी तर पेटत होतो.

धाकटा बसने परत गेला. हेल्मेट बाकावर विसरला की मुद्दाम ठेवून गेला, ते मला कळले नाही.

बरेच दिवस ती गाडी कोपऱ्यात झाकून होती. मग एका दुपारी थोरल्याने मला उचलले. आता रंगाचे कौतुक कुणाला होते? त्याने चिमटा सांगाड्यावर दाबून ओढला, दात रंगातून लोखंडापर्यंत रुतले. सुई बॅटरीच्या अधिक टोकाला लावली.

मी पेटलो नाही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने अर्थिंगचा बोल्ट काढला. खाली हिरवा रंग होता, जाड आणि गुळगुळीत. त्या रंगामुळे वायरीची कडी लोखंडाला टेकतच नव्हती. त्याने नाण्याएवढी जागा घासून काढली, बोल्ट आवळला आणि किक मारली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. बायको धावत बाहेर आली, पण त्याचा चेहरा बघून दारातच थांबली.

त्याने फोन लावला. “अरे, चालू झाली गाडी! अर्थिंगखाली रंग गेला होता… नाही रे, खरंच… माझ्याच हातानं… बरं. बघ, जमेल तसं.”

धाकटा अजून आलेला नाही. थोरला अधूनमधून गाडी सुरू करतो, थोडा वेळ तिचा आवाज ऐकतो आणि बंद करतो. हेल्मेटवरची धूळही पुसतो. आता गॅरेजमध्ये आकडे दाखवणारा मीटर आला आहे, त्यामुळे मी खिळ्याला टांगलेला असतो. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या सकाळचे.

मित्रांनो, तुम्हाला काही सांगावे एवढा मी मोठा नाही. तरी एक विनंती करतो. आवडीची वस्तू जरूर सजवा, पण सजवताना तिचे जोड झाकले जात नाहीत ना, तेही बघा. आणि आपले माणूस गप्प झाले, तर एकाच बाजूने विचारून निकाल देऊ नका. दुसऱ्या टोकालाही विचारा, त्यासाठी एखादा ओरखडा उठला तरी चालेल.

त्या हिरव्या सांगाड्यावर माझ्या दातांचा ओरखडा आहे. रंगाचा डबा अजून फळीवर आहे, पण थोरल्याने तो ओरखडा बुजवलेला नाही. धाकटा आला की त्याला दाखवायचा आहे.