आक्का हलली नव्हती

आक्काच्या घरी स्टुलावर चढून बारक्याने भिंतीवरची तसबीर उतरवली, आणि नेमकी त्याच वेळी भाची चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

“मामा, फोटो कशाला काढलात?”

“काच पुसायचीय.”

“सकाळीच पुसली मी.”

“आतून पुसायचीय. आतून वाफ धरलीय.”

तसबिरीच्या काचेला आतून वाफ धरायला ते काय शेगडीवरचं पातेलं होतं? पण माणूस खोटं बोलायला लागला की पहिलं जे तोंडात येईल ते बोलतो. भाची गुणाची पोर, तिने जास्त चौकशी केली नाही. एवढंच म्हणाली, की उद्या सकाळी आईच्या डोळ्याची पट्टी निघणार, आणि घरी गेल्या गेल्या आधी तो फोटो बघणार असं तिने दवाखान्यात सगळ्यांना, अगदी नर्सबाईंनाही सांगून ठेवलंय. तेव्हा वेळेत आणून लावा.

“लावतो की,” म्हणत बारक्याने तसबीर पिशवीत घातली. चहा तसाच राहिला.

हा बारक्या म्हणजे पन्नाशी उलटलेला, डोक्यावर मोजके केस उरलेला माणूस. बाजारगल्लीत त्याचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. पण आई लवकर गेली आणि थोरल्या बहिणीने, आक्काने, त्याला लहानाचा मोठा केला, म्हणून तो जन्मभर बारक्याच राहिला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी आक्का दारातून विचारणार, “बारक्या, जेवलास का रे?” आणि गिऱ्हाईक हसणार. आक्काने एका हाताने त्याला भरवलं नि दुसऱ्या हाताने बडवलं. दोन्हींत कधी कसूर केली नाही. जीभ तर अशी, की सालटं निघाल्याचं माणसाला घरी गेल्यावर कळावं.

स्टुडिओत येऊन त्याने शटर अर्धं ओढून घेतलं आणि तसबीर टेबलावर ठेवली.

फोटोत दोन खुर्च्या. एकीवर भाऊजी, आक्काचे यजमान. त्यांच्या डाव्या भुवईवरचा जुना व्रण, कॉलरची शिवण, हाताच्या बोटांत मुरलेलं ग्रीसचं काळं, सगळं इतकं स्वच्छ की हात लावून बघावं. आणि शेजारच्या खुर्चीवर आक्का. म्हणजे आक्का आहे असं आपलं म्हणायचं. निळ्या कपड्यांचा रंग आहे, खांदे आहेत, मांडीवर हात असावेत असं काहीतरी आहे. मानेच्या वर, तोंडाच्या जागी, ओल्या पाटीवरून कुणी बोट फिरवावं तसा एक फराटा.

लोकांना वाटे, ही स्टुडिओवाल्याची नवी स्टाईल. बारक्याला मात्र ठाऊक होतं ती कशाची स्टाईल होती ते.

त्याचं असं झालं. बारक्याने एक टिल्ट लेन्स मागवली होती. मोठ्या कंपनीची असली लेन्स घ्यायची तर स्टुडिओच विकायला काढावा लागला असता. ही कुठल्याशा नव्या कंपनीची, स्वस्तातली, पण काम तेच करायची. साधी लेन्स कॅमेऱ्यावर नाकासारखी सरळ बसते. ही मधल्या सांध्यात वाकायची. बाजूचा स्क्रू सैल करायचा, मान हवी तिकडे कलवायची, पुन्हा स्क्रू घट्ट. मग चित्रातली एकच पट्टी धारदार यायची आणि तिच्या दोन्ही अंगांचं सगळं विरघळून जायचं. फोकसही आपोआप व्हायचा नाही, कडं फिरवून हाताने शोधावा लागायचा. पहिले काही दिवस त्याच्या हाती नुसता धूर आला. मग हात बसला. गच्चीवर चढून त्याने बाजार टिपला, तर हातगाड्या आणि छत्र्या खेळण्यातल्यासारख्या दिसल्या. बायको सुई ओवत बसली होती, तिचा फोटो काढला. त्यात सुईचं नेढं आणि दोऱ्याचं टोक तेवढं स्पष्ट, बाकी बायको म्हणजे संध्याकाळचा उजेड. बायको कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हे माझे हात आहेत?”

असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. आयुष्यभर त्याने लोकांच्या हनुवट्या वर करून कान दिसतील असे फोटो काढले. सगळ्यांचं सगळं स्पष्ट. आता पहिल्यांदाच काय दाखवायचं आणि काय नाही हे त्याच्या हातात आलं होतं. ती नशा त्याला चढली.

अशातच भाऊजी निवृत्त झाले. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर होते ते, अबोल माणूस. पंपाच्या आवाजात नोकरी गेली, त्यामुळे बोलण्याची सवयच राहिली नव्हती. आक्काने त्यांच्या सोबतच्या लोकांना घरी जेवायला बोलावलं. अंगण भरलं. बारक्या कॅमेरा घेऊन आला तो फक्त ती एक लेन्स लावून. साधी लेन्स स्टुडिओतल्या कपाटात राहिली, आणि ती विसरून राहिली नव्हती.

लेन्स कलवून तो कुणाला तरी समजावून सांगत होता, एवढ्यात आक्काने वाढता वाढता सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं. म्हणाली, “त्याचं काय ऐकता? लहानपणी धड सरळ उभं राहता येत नव्हतं, आता कॅमेराही मान मोडलेलाच शोधून आणलाय. पासपोर्टचे फोटो बरे काढतो, तेवढे त्याने काढावेत.”

अंगण हसलं. बारक्याही हसला, हसणं भागच होतं. पण कान तापले होते.

मग त्याने दोन खुर्च्या मांडल्या, भाऊजींना आणि आक्काला बसवलं. कडं फिरवून भाऊजींचे डोळे धरले. आणि अंगठ्याने स्क्रू सैल करून लेन्सची मान हळूच बाजूला कलवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आक्काचं तोंड, बघता बघता, पाण्यात साबण विरावा तसं विरून गेलं. ती बोलत होती तोवरच तिचं तोंड नाहीसं झालं. बारक्याला उन्हातून सावलीत आल्यासारखं गार वाटलं.

“आक्का, हलू नकोस,” तो म्हणाला.

आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली आक्का त्या दिवशी दगडासारखी बसली. धाकट्या भावाचं काम बिघडू नये म्हणून तिने श्वाससुद्धा धरून ठेवला. बारक्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा. अंगठा स्क्रूवरच होता. लेन्स सरळ करायला कितीसा वेळ लागला असता?

फोटो चौकटीत घालून नेला तेव्हा आक्काने तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, काचेवरून बोटं फिरवली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण दिसत नाही हे कबूल करील तर ती आक्का कसली. “छान आलाय,” म्हणाली. “मी बरी दिसतेय ना रे?”

“एकदम स्पष्ट,” बारक्या म्हणाला.

भाऊजी मागून बघत होते. आक्का आत गेल्यावर ते बारक्याच्या जवळ आले. रागावले असते तरी परवडलं असतं. त्यांनी फक्त फोटोतल्या त्या फराट्यावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “आमचा एक साधा काढून ठेव बाबा. दोघांचा. सवडीने.”

“काढू की भाऊजी,” बारक्या म्हणाला. “या रविवारी येतो.”

तो रविवार गेला, त्याच्या पुढचे गेले. बाजारात भाऊजी भेटले की बारक्या आधीच बोलायला सुरुवात करी, म्हणजे त्यांना आठवण द्यायला जागा उरू नये. मग एका दुपारी भाऊजी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आक्काने दुसरा फोटो शोधूही दिला नाही. तोच लावा म्हणाली. रोज उठून काच पुसायची, आणि पुसता पुसता भाऊजींना सुनवायची, पेन्शनचे कागद कुठे ठेवलेत ते सांगून जायचं होतं, म्हणून. शेजारणींना म्हणायची, “शेजारी बसलेय ना मी त्यांच्या, मग मला कसलं एकटेपण?” शेजारणी फोटोकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि चहा प्यायच्या. ऑपरेशनला ती कित्येक महिने नाही म्हणत होती. शेवटी तयार झाली ती एकाच गोष्टीसाठी. तो फोटो तिला एकदा नीट बघायचा होता.

आता अर्ध्या शटरआड बसून बारक्याने त्या दिवसाचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. एका फोटोत तरी आक्काचा चेहरा सापडेल म्हणून एकेक मोठा करून बघितला. सगळ्यांत फराटा. लेन्सने काम चोख केलं होतं. मग त्याने आक्काचा ओळखपत्राचा जुना फोटो काढला, त्यातलं तोंड कापलं आणि त्या खांद्यांवर बसवलं. उजेड जुळवला, कडा पुसल्या, रंग फिरवले. दुपार गेली. छापून हातात घेतला तर वाईट नव्हता.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तिने तो उचलला. थोडा वेळ बघितला.

“भाऊजींच्या शेजारी ही कोण बसवलीत?”

“आक्का आहे.”

“तोंड आक्कांचं आहे,” बायको म्हणाली. “पण आक्का अशा बसतात का त्यांच्या शेजारी? ही तर रांगेत उभी असल्यासारखी बघतेय.” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “त्यांना काय सांगणार आहात?”

बारक्याने कॉम्प्युटर बंद केला. बायकोने डबा उघडून समोर ठेवला. त्याने छापलेला फोटो चार तुकडे करून टोपलीत टाकला. कपाटातून साधी लेन्स काढून कॅमेऱ्यावर चढवली. कशासाठी ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसबीर पुन्हा खिळ्यावर होती. आक्का काळा चष्मा लावून रिक्षातून उतरली. भाचीने हात पुढे केला तर म्हणाली, पाय नाही कापलेत माझे. उंबऱ्यात थांबून तिने पडदे किती मळलेत ते सासूसारखं नव्याने बघून घेतलं, मग चष्मा काढला आणि तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली.

बारक्या दाराशी उभा होता. पिशवीचा बंद त्याच्या हातात पिळला गेला होता.

आक्का आधी भाऊजींकडे बघत राहिली. “कॉलरचं बटण तुटलेलं होतं यांचं,” ती म्हणाली. “आणि कुणी बघितलं नाही. मीसुद्धा.” तिने बोट भाऊजींच्या भुवईपाशी नेलं, व्रणापाशी, काचेला न लावता. बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

मग तिची नजर शेजारच्या खुर्चीवर गेली.

खोलीत कुणी हललं नाही. भाचीने मान खाली घातली. आक्का पुढे वाकली, मागे झाली. डोळ्यांत पाणी आलंय का म्हणून पदराच्या टोकाने डोळ्याच्या कडेला टिपलं आणि पुन्हा बघितलं. फराटा होता तिथेच होता. बारक्याला वाटलं, आता जीभ सुटेल. सुटावी, अशी त्याने मनातल्या मनात याचना केली. लहानपणी पाठीत बसायचे तसे चार शब्द बसले असते तर तो तिथेच मोकळा झाला असता.

“मी हलले असेन,” आक्का म्हणाली.

“आक्का, तू…”

“तू सांगितलं असशील, हलू नकोस म्हणून. मी कधी ऐकलंय कुणाचं?”

“नाही आक्का, ते…”

तिने हात वर केला. आवाज चढवला नाही. आवाज न चढवता बोललेली आक्का बारक्याने आजवर बघितली नव्हती. तिने त्याच्याकडे वळून बघितलं, नव्या डोळ्याने, सरळ, आणि पहिल्यांदा बारक्याला कळलं की तिला आता सगळंच स्वच्छ दिसतंय.

“कॅमेरा आणलायस?”

“आणलाय.”

“साधाच ना?”

“साधाच.”

“मग काढ एक.”

खिडकीपाशी उजेड बरा होता. आक्काने स्वतः खुर्ची ओढली, तिच्या शेजारी दुसरी ठेवली, आणि आपण नेहमीच्या बाजूला बसली. जागा अडते म्हणून भाची रिकामी खुर्ची उचलायला पुढे झाली.

“असू दे ती,” आक्का म्हणाली.

बारक्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत आक्का आली, कपाळावरच्या आठ्यांसकट, औषधाने ओल्या झालेल्या पापण्यांसकट, हनुवटीवरच्या त्या एका पांढऱ्या केसासकट. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर तेल लागून काळी पडलेली भाऊजींच्या डोक्याची जागा, तीही स्पष्ट. आक्काने श्वास धरला होता. त्याने बटण दाबलं.

“झालं आक्का,” तो म्हणाला. पण ती हलली नाही. खिडकीकडे तोंड करून, रिकाम्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून, ती तशीच बसून राहिली.