सरळ केलेली पायरी

फोन वाजला तेव्हा दिगंबर गॅरेजमध्ये अर्लची पायरी व्हाइसच्या जबड्यात आवळून सरळ करत होता.

अर्ल हॅस्केल शेजारचा. स्कूलबस चालवून निवृत्त झालेला. दर पानगळीत तो धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जायचा. झाडावर उंच फळी बांधून तिथे तासन् तास बसायचं, आणि वर चढायला खोडात लोखंडी पायऱ्या फिरवून बसवायच्या. पायरी म्हणजे बोटाएवढी जाड सळई, दोन ठिकाणी वाकवलेली. एका टोकाला स्क्रूसारखे आटे, दुसऱ्या टोकावर पाऊल ठेवायचं. त्यातली एक वजनाने खाली वाकली होती. दिगंबर बोल्टच्या कारखान्यात तपासणीला होता, त्यामुळे शेजारपाजारचं वाकलेलं लोखंड त्याच्याकडे यायचंच.

"डिग, तुझा फोन वाजतोय," अर्ल म्हणाला. दिगंबर हे नाव त्याच्या जिभेला कधी पेललं नाही.

नाशिकहून मेहुण्याचा, बाळचा फोन होता. आवाज येत होता, जात होता.

"भावोजी, सकाळपासून लाइन लागत नव्हती. ऐकू येतंय ना? ताई गेली हो. पोळ्या करताना खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर यायच्या आतच."

"कधी?"

"सकाळीच. ऊन फार आहे इथे. तुमच्यासाठी थांबता आलं नाही. उरकलं आम्ही."

"बरं केलंत," दिगंबर म्हणाला.

त्याची बायको शरयू भाचीच्या लग्नाला एकटीच गेली होती. दिगंबरला रजा मिळाली नव्हती. विमानतळावर आत जातानाही ती वळून सांगत होती, "वरणाचे डबे फ्रीझरमध्ये डावीकडे आहेत. उजवीकडचे विनीतासाठी. ते खाऊ नका."

तो गॅरेजमध्ये परत आला. अर्ल पालथ्या बादलीवर बसून होता.

"इंडियाचा फोन?"

"हो."

"बायको मजेत ना?"

"हो," दिगंबर म्हणाला. मग त्याने हातोडा उचलला आणि पायरी पार सरळ होईपर्यंत ठोकली. अर्लने ती घेतली, थँक्यू म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दिगंबर आणि मुलगी विनीता नाशिकला गेले. तीन आठवडे त्याच्या अंगणातलं गवत अर्लने कापलं. परत आल्यावर त्याने विचारलं, "ती राहिली का अजून?" दिगंबर म्हणाला, "राहिली." पुढच्या रविवारी मराठी मंडळातले मित्र संजीव आणि रेखा तिथल्या लोकांना गोळा करून भेटायला घेऊन आले. रस्त्यावर गाड्याच गाड्या लागल्या. बायका स्वयंपाकघरात शिरल्या, पुरुष गालिच्यावर खाली बघत बसले. सोमवारी कुंपणापलीकडून अर्ल म्हणाला, "काल पार्टी जोरात झालेली दिसते. आम्हाला नाही बोलावलंस."

दिगंबर हसला. खरोखरच हसला, याचं त्याला नंतर नवल वाटलं.

कारखान्यात त्याने सांगितलं होतं. बँकेत सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे फोन घेणाऱ्या बाईंनासुद्धा सांगितलं. राहिलं होतं ते अर्लचं एकच घर. सुरुवातीला धीर होत नव्हता म्हणून राहिलं. नंतर राहू दिलं म्हणून राहिलं. कारण त्या एका घरात शरयू अजून नाशिकला होती. भावाकडे आंबे खात होती, दुपारी झोपत होती. आज ना उद्या येणार होती. अर्लची बायको लॉइस तिच्यासाठी ट्यूलिपचे कांदे बाजूला काढून ठेवत होती, ते थंडीच्या आधी लावायचे असतात म्हणून. संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून "कशी आहे ती?" या प्रश्नाला "बरी आहे" म्हणता येत होतं. असं म्हणता येईल अशी जगात दुसरी जागा नव्हती.

विनीता कॉलेजच्या होस्टेलमधून दर रविवारी फोन करायची.

"बाबा, डिड यू टेल द हॅस्केल्स?"

"सांगतो गं."

"ऑगस्टमध्येपण हेच म्हणालात. इट्स नॉट फेअर टु आई."

"ते काही आता रोज विचारत नाहीत."

"बिकॉज दे आर पोलाइट, बाबा."

विचारणं बंद झालं होतं हे खरं. ते कधी बंद झालं, हे दिगंबरच्या लक्षात आलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी अर्ल दारात आला. "डिग, पायऱ्या त्रास देतायत. एक पायाखाली दबते, एक गोल फिरते. झाडापाशीच येऊन बघ ना. लॉइस म्हणते, पडलास तर दवाखान्यात नेणार नाही, तिथेच पुरीन."

अर्लच्या मेहुण्याचं शेत तासाभराच्या अंतरावर होतं. कापलेल्या मक्याच्या कडेला झाडी, तिच्यात ते हिकरीचं झाड. पूर्वी एकदा शरयूही इथे आली होती. वरची फळी बघून ती दिगंबरच्या कानाशी म्हणाली होती, "एवढी वाट तर माहेरी येणाऱ्या मुलीची कुणी बघत नाही." मग अर्लने "काय म्हणाली?" विचारलं, तर दिगंबरला भाषांतर जमलं नव्हतं आणि तिघेही नुसतेच हसले होते.

दिगंबरने खालून एकेक पायरी हाताने हलवून पाहिली. फिरणारी पायरी कशाने फिरते हे लगेच कळलं. अर्ल दरवर्षी तेच जुनं भोक वापरत होता. त्यात पाणी मुरून आतलं लाकूड कुजलं होतं, आट्यांना पकड उरली नव्हती.

"हे भोक सोडून दे. वीतभर बाजूला नवीन घे."

"आणि ही दबते ती?"

दबणाऱ्या पायरीच्या वाकणात आणि खोडात दोन बोटं फट होती. "तू ही पूर्ण फिरवलीच नाहीस. वाकण खोडाला टेकलं पाहिजे. फट राहिली की सगळं वजन आट्यांच्या मानेवर येतं."

"फिरवली रे जमेल तेवढी. हिकरी म्हणजे दगड. आणि हे खांदे आता सत्तरीचे."

दोघांनी आलटून पालटून जोर लावून ती आत नेली. उरलेल्या पायऱ्या दिगंबरने काढून गवतावर मांडल्या. खिशातून चिंधी काढून प्रत्येकीच्या वाकणाला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. लोखंडाला चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्या खडूवर ओल्या रेघेसारखं उमटतं. सगळ्या कोऱ्या राहिल्या. एकीवर केसासारखी रेघ आली.

ती त्याने ओळखली. हातोड्याचे घाव अजून दिसत होते.

"ही टाकून दे अर्ल. हिच्यावर पाय ठेवू नकोस."

"ही तर तूच सरळ करून दिलेली. छान टिकलीय."

"टिकलेली नाही. वाकलेली पायरी थंड असताना ठोकून सरळ केली की वाकणाशी चिरते. ती सरळ करायचीच नसते."

अर्लने पायरी हातात घेऊन पाहिली. "मग केलीस कशाला? तू तर माझा साधा गंजका बोल्टसुद्धा कचऱ्यात टाकायला लावतोस."

दिगंबर खडूची भुकटी हातावरून झटकत राहिला. आता सांगायचं, असं त्याने ठरवलं. जुळवलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. "त्या दिवशी," तो म्हणाला, "तो फोन आला होता ना—"

"राहू दे," अर्ल म्हणाला. "माहीत आहे आम्हाला."

दिगंबरने वर पाहिलं.

"तू फोनवरून परत आलास तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता. घरी जाऊन लॉइसला म्हणालो, डिगच्या घरी काहीतरी झालंय. मग तू तिला आणायला गेलास आणि मुलीला घेऊन एकटाच आलास. तुझी माणसं येऊन गेली, समजूत घालायलाच आली असणार. मी मूर्ख, पार्टी म्हणालो. तिचं पत्र नाही, काही नाही. लॉइस म्हणाली, आता त्याला विचारू नकोस. ती तिकडेच राहायचं म्हणाली ना त्या फोनवर? तुला सोडलं ना तिने?"

झाडीत कुठेतरी खार पानांवरून पळाली.

"माझंही झालंय हे," अर्ल म्हणाला. तो गवतावर बसला आणि चिरलेल्या पायरीने माती उकरू लागला. "लॉइसच्या आधी एक होती. कॅरल. एका सकाळी बस घेऊन निघालो, दुपारी आलो तर घर रिकामं. डेपोत सांगितलं, आईकडे गेलीय. दोन वर्षं तेच सांगत होतो, यार-दोस्तांना, सगळ्यांना. तिचा कोट खुंटीवर ठेवला होता, कुणी आलं तर दिसावा म्हणून. हे मी लॉइसलासुद्धा सांगितलेलं नाही." त्याने दिगंबरकडे न बघता त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "त्यामुळे तू काही बोलू नकोस. मला समजतं."

आत्ताच बोलायला हवं होतं. तसं नाही अर्ल, ती वारली. एवढंच. पण समोर म्हातारा माणूस मान खाली घालून बसला होता, मनातली कधीची गोष्ट काढून त्याने दिली होती, आणि ती चुकीच्या पत्त्यावर आली म्हणून परत कशी करायची हे दिगंबरला कळेना. आणि त्याहून खोल आणखी एक गोष्ट होती. अर्लच्या डोक्यातली शरयू नवऱ्यावर रुसून नाशिकला बसली होती. रुसलेली का होईना, होती. सकाळी उठत होती, चहा पीत होती.

तो उठला आणि काढलेल्या पायऱ्या दोघांनी नवी भोकं घेऊन पुन्हा खोडात बसवल्या. "चढून बघ," दिगंबर म्हणाला. "मी खाली उभा आहे."

अर्ल एकेक पायरी चढत फळीपर्यंत गेला. एकही हलली नाही. "पक्क्या आहेत," तो वरून म्हणाला.

परतताना चिरलेली पायरी दिगंबरने वाटेतल्या पेट्रोलपंपावरच्या पिंपात टाकली. अर्लच्या ट्रकमधून उतरला तर लॉइस ड्राइव्हवेवर घरी भाजलेला ॲपल पाय थाळीत घेऊन उभी होती. अर्लने तिच्याकडे बघून किंचित मान हलवली. ती जवळ आली.

"बोललात ना शेवटी? बरं झालं," ती म्हणाली. "हे घे, यात अंडं नाही. तिने शिकवलं होतं मला, अंड्याशिवाय कसा करायचा ते." मग तिने थाळी त्याच्या हातात दिली. "मला आवडायची रे ती. पण नवऱ्याला असं टाकून जाईल, असं वाटलं नव्हतं. त्या ट्यूलिपचं आता काय करू, तुला देऊ का?"

"द्या," दिगंबर म्हणाला.

घरात येऊन त्याने ती थाळी ओट्यावर ठेवली आणि कोट न काढता खुर्चीवर बसला. इतकी वर्षं त्या बाईने त्याला एक रात्र उपाशी ठेवलं नव्हतं. लग्नाला जातानासुद्धा डबे भरून गेली होती. आणि शेजारच्या घरात आता ती नवरा टाकून गेलेली बाई होती. तिला मेलेली म्हणवेना म्हणून त्याने तिचं हे करून ठेवलं होतं.

रविवारी विनीताचा फोन आला. "टेल मी यू टोल्ड देम."

"बोलणं झालं," तो म्हणाला.

"थँक गॉड, बाबा. काय म्हणाले?"

"वाईट वाटलं त्यांना."

त्या आठवड्यात तो दोनदा कुंपणापर्यंत गेला. एकदा अर्ल घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, पाचोळा ओढत होता, आणि त्याने हात वर करून विचारलं, "ठीक ना, डिग?" दिगंबरने ठीक म्हणून सांगितलं. शनिवारी त्याने ट्यूलिपचे कांदे खिडकीखाली लावले. मग जमीन गोठली, बर्फ पडलं आणि कुंपणाशी कुणी उभं राहीनासं झालं.

शरयू मे महिन्यात नाशिकला वारली, तिने कुणालाही टाकलं नव्हतं, हे त्या घरात सांगायचं अजून राहिलं आहे.