क्लूनमोरच्या खांबाची आरती

पैज लागली शुक्रवारी संध्याकाळी, हृषीकेशच्या किचनमध्ये, मिसळीची दुसरी वाटी हातात असताना. शेजारचा गुरुनाथ म्हणाला, उद्या नऊ चाळीसची पहिली बस आपल्या खांबापाशी थांबणार. हृषीकेश म्हणाला, छे, नाही थांबणार. जो हरेल त्यानं फेटा बांधून, भर रस्त्यात, अख्ख्या कॉलनीसमोर बसची आरती करायची.

हा खांब म्हणजे बस स्टॉपचा. क्लूनमोर ही आयर्लंडमधल्या एका शहराच्या टोकाची नवी कॉलनी. शहर म्हणायचं आपलं, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस 'जपून' म्हणेल एवढंच. एकशेवीस घरं आधी उठली, मग खांब रोवला, आणि तीन वर्षं नुसता खांबच. बस धरायची तर दोन किलोमीटर चालत मोठ्या रस्त्याला जा, तेही फुटपाथ नसलेल्या वाटेनं, गाईंच्या नजरेखाली.

गुरुनाथ त्रेपन्न वर्षांचा, स्टेंट बनवणाऱ्या प्लँटमध्ये इंजिनिअर, आणि अंगात खोड्या पाचवीतल्या पोराच्या. त्यानं त्या खांबावर लॅमिनेट केलेला कागद चिकटवला होता: 'बस नुकतीच गेली. पुढची २०४०ला.' पण बस कंपनीनं नव्या मार्गांवर लोकांची मतं मागवली, तेव्हा घरोघर फिरून, सत्तर कप चहा पिऊन, सत्तर पत्रं त्यानंच लिहून घेतली होती. आणि आता या शनिवारपासून बस सुरू होणार, असं कंपनीनं कळवलं होतं.

का, तर उल्काकाकू. हृषीकेशची आई, वडूजची रिटायर्ड शिक्षिका. कायमची राहायला म्हणून आली, आणि सहा महिन्यांत कंटाळली. मुलगा शिफ्टला, सून हॉस्पिटलात ड्युटीवर. दर शनिवारी लायब्ररीत विणकामाचा ग्रुप जमायचा, पण तिथं जायचं तर कोण मोकळं आहे ते विचारत बसा. "मी काय पार्सल आहे? एकानं सोडायचं, दुसऱ्यानं आणायचं," असं म्हणून तिनं पुढच्या गुरुवारचं परतीचं तिकीट काढायला लावलं होतं. एकटीला गावात जाता आलं तर राहीन, नाहीतर चालले, एवढंच तिचं म्हणणं. हृषीकेशनं आशाच सोडली होती, म्हणून तो पैजेत उलटा बोलला. हरलो तर आई राहील, असा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता, आणि गुरुनाथला तो बरोबर कळला होता.

शनिवारी साडेनऊला गुरुनाथ जय्यत तयारीनिशी हजर. लग्नातला फेटा, आरतीचं तबक, नारळ, पेढे. वर हृषीकेशला म्हणायला स्वतः रचलेली आरतीसुद्धा. बायकोला, रोहिणीला, त्यानं व्हिडिओ काढायला उभं केलं. आठदहा मराठी मंडळी फोन सरसावून तयार. काकू मागे कुंपणाच्या भिंतीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

नऊ एकेचाळीसला वळणावर बस दिसली. सगळ्यांनी फोन वर केले. बस आली, ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघून छान मान हलवली, आणि बस सरळ पुढे निघून गेली.

वर गेलेले फोन एकेक करून खाली आले. हृषीकेश जिंकला होता, पण हसू त्यालाही येईना. त्यानं आईकडे पाहिलं.

काकू भिंतीवरून उतरली. "हात कुणी केला?"

कुणीच केला नव्हता. बारा वर्षं ही मंडळी या देशात राहिली ती स्वतःच्या गाडीत बसून. थांबा आहे, लोक उभे आहेत, म्हणजे बस थांबणारच, असं सगळ्या इंजिनिअरांनी धरून चाललं होतं.

"वडूजच्या फाट्यावर तीस वर्षं एसटी धरली मी," काकू म्हणाली. "हात केल्याशिवाय कुठलीच गाडी थांबत नाही. तुम्ही नुसते फोटो काढता. ड्रायव्हरला वाटलं, बसचा वाढदिवस आहे."

समोरची ब्रीद, सत्तरीची आयरिश बाई, ड्रेसिंग गाउनमध्येच दारात आली होती. हात करायचा असतो, असं तिनंही हसत हसत सांगितलं, आणि पुढची दहा चाळीसला आहे, तोवर चहाला या म्हणाली.

दहा पस्तीसलाच काकू एकटी पुढे उभी राहिली. लांबून बस दिसताच तिनं हात असा आडवा धरला, जणू वर्गातल्या दंगेखोर पोराला अडवतेय. बस तिच्या पायापाशी थांबली. दार उघडलं. काकू चढली, कार्ड टेकवलं, खिडकीशी बसली आणि काच वाजवून मुलाला खूण केली. बंद काचेतून आवाज येईना, पण तिनं दोन बोटांनी कात्री चालवली. तिकीट रद्द कर.

हृषीकेशनं शांतपणे फेटा उचलला आणि गुरुनाथच्या डोक्यावर बसवला. "पहिली बस थांबणार म्हणाला होतास. ही दुसरी."

गुरुनाथनं ड्रायव्हरला विचारलं, दोन मिनिटं आहेत का. बस वेळेच्या आधी आली होती. ग्रँड, म्हणजे चालेल की, म्हणाला तो, आणि पेढा तोंडात टाकून इंजिन बंद केलं. गुरुनाथनं बससमोर तबक ओवाळलं आणि स्वतःचीच आरती स्वतःचं नाव घालून म्हणायला घेतली:

"जय देवी बसमाते, चार चाकांची राणी,
गुरुनाथ हरला गं, तोंडचं पळालं पाणी!"

बसमधल्या सहा प्रवाशांनी टाळ्या वाजवायला घेतल्या. ब्रीदनं गाउनमध्येच ठेका धरला. फेटा घसरून डोळ्यांवर आला, तरी गुरुनाथ दुसरं कडवं आणखी वरच्या पट्टीत गात होता. हरलेल्या माणसानं एवढं खूश दिसू नये, असं हृषीकेश रोहिणीला सांगत होता, टाळ्या न थांबवता. आणि आतून काकू मनगटावरचं घड्याळ दाखवून खुणावत होती: आटप लवकर, विणकाम सुरू झालं असेल.