मावंद्यातलं काठमांडू

क्लिप १. बस. ३८ सेकंद.

पडद्यावर सगळ्यात आधी आला तो हिंमतरावांचा तळपाय. समोरच्या सीटच्या डोक्याशी टेकवलेला, भेगाभेगांत माती भरलेला. धामणगाव बढ्यातल्या त्या खोलीत मांडीला मांडी लावून बसलेली पस्तीस-चाळीस माणसं खदखदून हसली. वरणाची बादली घेऊन उभ्या असलेल्या वंदनाने तोंड फिरवलं. तो पाय नऊ दिवस तिच्या नाकापासून हातभर अंतरावर होता.

नऊ दिवसांची काठमांडू यात्रा, येताना काशी, आणि आज घरी मावंदं. गंगेच्या बाटल्यांची पूजा सकाळीच उरकली होती. आता पंगत बसली होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. लोकांनी जेवता जेवता काठमांडू पाहावं, ही सासऱ्यांची, म्हणजे हिंमतरावांची कल्पना. चिखलीहून आलेली नणंद डिंपल हिने वंदनाचा मोबाइल टीव्हीला जोडला होता. सासूच्या गुडघ्यांसाठी सोबत कोणीतरी हवं म्हणून वंदना गेली होती. फोन तिचाच बरा होता, म्हणून सगळं चित्रण तिचंच.

त्यात एक क्लिप होती. चौदावी. ती कोणी पाहू नये, एवढंच तिला हवं होतं.

सकाळी तिने सासऱ्यांना गाठलं होतं.

"मामाजी, ते घाटावरचं नका लावू."

"काऊन?"

"बरं नाही दिसत."

"अवं, लोक त्याच्यासाठीच तं येऊन राह्यले," हिंमतराव म्हणाले. "पशुपतीच्या दारात जळणाऱ्याचं दर्शन हाय ते. नशीब लागते."

काठमांडूहूनच त्यांनी निम्म्या गावाला फोन करून हे सांगून ठेवलं होतं. आणि फोन? फोन सकाळपासून डिंपलच्या मुठीत.

क्लिप ४. स्वयंभूनाथ. १ मिनिट ५ सेकंद.

टेकडीवर पांढरा घुमट, त्यावर रंगवलेले डोळे. ते डोळे तीन सेकंद दिसले. उरलेला सगळा वेळ माकड. वंदनाच्याच गल्लीतला गोविंदा माकडापुढे तंबाखूची पुडी धरून उभा, आणि मागून सगळ्या बसचा आवाज, खाते का पाहा, खाते का पाहा. माकडाने खाल्ली. मग थुंकलं, तोंड खाजवलं, पायरीवर लोळलं.

"आपल्या गोविंदासारखंच थुंकलं ना बे," पंगतीतून कोणीतरी म्हणालं. गोविंदा तिथेच बसला होता. त्याने मान हलवून बट्टी कुस्करली, जणू सत्कारच झाला.

वंदना वरण वाढत होती. कोणाच्या मिशीत तूप थिजलं होतं. कोणी बोटं मुळापासून चाटून पुन्हा त्याच हाताने मीठ मागत होतं. एरवी हे तिला दिसतही नसे. घरचीच माणसं. पण काठमांडूहून आल्यापासून डोळ्यांना काय झालं होतं कोण जाणे, जे पाहू नये नेमकं तेच मोठं होऊन समोर येई.

स्वतःचे हातसुद्धा.

क्लिप ९. कुमारीचं घर. २ मिनिटं १० सेकंद.

विटांचा चौक, लाकडावर नक्षी, वर एक खिडकी. तिथे एक लहान मुलगी राहते, तिला देवी मानतात, तिचा फोटो घ्यायचा नाही, असं गाइडने चारदा सांगितलं होतं. मुलगी खिडकीत आली. लाल कपडे, काजळ कानापर्यंत ओढलेलं. ती हसली नाही. बसमधल्या माणसांनी "ए बेटा, इधर, इधर" करत हात हलवले. वंदनाने फोन पदराखाली धरला होता, म्हणून क्लिपची अर्धी चौकट जांभळ्या साडीने भरली होती.

"वहिनी, तुह्या पदरानं देवी झाकली," डिंपल म्हणाली.

"झाकली तेच बरं झालं."

"काय?"

"काही नाही. भाजी घेतं का?"

क्लिप १०, ११, १२, १३.

दुकानं. रुद्राक्ष. बसमधल्या सरस्वतीबाई चप्पल शोधताना. पुन्हा दुकानं.

याच वेळात वंदना बादली खाली ठेवून डिंपलजवळ वाकली. "फोन दे न जरा, अर्जंट हाय."

"आता कोणाले फोन लावतं? जेवू दे न लोकायले."

"डिंपल. पुढचं नको लावू. हात जोडते."

डिंपलने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी समजल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर आलंही असावं. पण तेवढ्यात हिंमतराव उभे राहिले, बुंदीने भरलेल्या तोंडाने म्हणाले, "आता सगळे नीट पाहा. बायांनो, पदर घ्या डोक्यावर."

बायांनी पदर घेतले. शेजारच्या झुंबरबाईंनी तर हळदी-कुंकवाची वाटी पुढे ओढली.

क्लिप १४. पशुपतिनाथ, आर्यघाट. १ मिनिट ५२ सेकंद.

नदी म्हणजे काळं, बारीक पाणी. पलीकडच्या काठाला चौथरे, एका चौथऱ्यावर लाकडं, लाकडांवर भगवं कापड. अलीकडच्या पायऱ्यांवर आपल्या बसमधली माणसं. पुऱ्यांचा डबा उघडा. सरस्वतीबाईंचा आवाज: "लोणचं दे वो इकडं." धूर. कोणाचं तरी खोकणं, आणि खोकून पुन्हा खाणं.

चौकटीच्या मधोमध एका मुलीची पाठ. कुर्ता, विस्कटलेली वेणी. आपल्यासारखीच पाहायला आलेली कोणी, असं वंदनाला तेव्हा वाटलं होतं. त्या पाठीमुळे चिता दिसत नव्हती.

मग टीव्हीतून वंदनाचा आवाज आला, मोठा, खणखणीत.

"ओ दीदी, जरा साइड में होना. दिखता नहीं."

खोली हसली. "वंदनाची हिंदी पाहा न."

पडद्यावर मुलगी सरकली. कुरकुर न करता, दोन्ही हात टेकून सरकली, आणि सरकताना वळली. तिच्या मुठीत एक चष्मा होता. पुरुषाचा, जाड काड्यांचा. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. तिने मान थोडी झुकवली, जणू आडवी आल्याबद्दल तीच माफी मागत होती.

त्यानंतर क्लिपमध्ये चिता स्वच्छ दिसत होती. वंदनाने फोन बंद केला नव्हता. हे तिला तेव्हापासून एकदाही विसरता आलं नाही. तिने पाहिलं, तिला कळलं, आणि तिने आणखी मिनिटभर घेतलं. कारण मागून सासरे म्हणत होते, घे, घे, आता पेटलं.

"ते पोरगी कोन वो?" झुंबरबाईंनी विचारलं.

"तिचा बाप होता तो," वंदना म्हणाली. "जळत होता तो."

कोणी घास गिळला. मग झुंबरबाई पुटपुटल्या, "पुण्यवान माणूस," आणि उठून कुंकवाचं बोट पडद्याकडे न्यायला लागल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "थांब डिंपल, पुन्हा पहिल्यापासून लाव, मले वाढणाऱ्यायमुळं दिसलंच नाही." डिंपलने लावली.

पुन्हा काळं पाणी. पुन्हा लोणचं.

वंदना चालत गेली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. झुंबरबाईंचं कुंकवाचं बोट तिच्या पोटाशी येऊन थबकलं. वंदनाच्या हातात वरणाचा डाव तसाच होता, त्यातून गरम थेंब तिच्या पावलावर पडत होते.

"वंदना, काय करून राह्यली?" हिंमतराव म्हणाले.

ती पडद्याच्या मधोमध सरकली.

"अवं बाजूले सर, दिसून नाही राह्यलं."

पाठीमागे तिचाच आवाज तेच सांगत होता. दीदी, जरा साइड में होना. वंदना सरली नाही. समोर चाळीस माणसं मान वाकडी करून, कोपराखालून, खांद्यावरून चिता शोधत होती, आणि पडद्याऐवजी तिच्याकडे पाहावं लागत असल्याचा राग त्यांच्या तुपकट तोंडांवर हळूहळू चढत होता. सासूने पदराने ओठ पुसले आणि भिंतीकडे पाहिलं.

"येडी झाली का बे ही," गोविंदा हलकेच म्हणाला.

एक मिनिट बावन्न सेकंद. ती आवाजावरून मोजत होती. खोकणं आलं, घे-घे आलं, मग काहीच नाही, नुसता वारा.

क्लिप १५. हॉटेलचा नाश्ता. २७ सेकंद.

ती आपोआप सुरू झाली. भांडी वाजली, कोणीतरी म्हणालं, जिलेबी पण हाय इथं. तशी वंदना बाजूला झाली.

पडद्यावर जिलेब्यांचं ताट आलं, आणि पंगतीने पुन्हा घास उचलला.