शब्दाची ओवाळणी

लालासाहेबांना ज्यांनी फक्त गाण्यात ऐकलं, ती माणसं सुखी. अंजनाच्या नशिबी त्यांना तीन महिने चहा करून द्यायचं आलं.

त्रेचाळीसचं साल होतं. आष्ट्याच्या पुढं दोन कोसांवर बोरखडी नावाचं गाव, आणि गावापासून लांब, उसाच्या फडाला लागून अंजनाची वस्ती. घरात ती आणि सासू अंबूबाई अशा दोघीच. नवरा कृष्णात पलटणीबरोबर बर्म्याच्या लढाईवर गेलेला. श्रावणात एके दिवशी दिवेलागणीला मुंडासं तोंडावर ओढलेला एक माणूस अंगणात आला आणि बरोबरच्या पाहुण्याला सोडून निघाला. जाताना एवढंच बोलला, "लालासाहेब हायती. शिपायाच्या घराची झडती कुनी घेत न्हाई, म्हून हितं आनल्यात. कुनाला बोलू नगा." तो कोण, कुठला, हे त्या दिवसांत विचारायचं नसतं.

अंजनानं हातातला दिवा वर धरला. लालासाहेब! ज्यांना धरून देणाऱ्याला सरकारनं बक्षीस लावलंय ते! बायका जात्यावर त्यांच्या ओव्या म्हणत होत्या. पुरात कृष्णा पोहून गेले, भर दुपारी कचेरी फोडली, गोळी कानाला चाटून गेली तरी हसत उभे राहिले. आणि अंगणात उभे होते ते चप्पल चावली म्हणून लंगडणारे, पोट सुटलेले एक बुटके गृहस्थ. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "जरा कढत पाणी मिळेल का?" आणि दुसरं, "घरात साखर आहे ना? गुळाचा चहा मला बाधतो."

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगीच नाही. जवळ गेलं की दगडधोंडे दिसतात, आणि हा डोंगर तर घरातच मुक्कामाला आला होता. दिवसाला सहा वेळा चहा लागे. भाकरी जाड झाली की बाजूला सरके. पाल दिसली की हा कचेरी फोडणारा गडी खाटेवर चढून बसे, आणि सत्तरीची अंबूबाई केरसुणी घेऊन पाल हाकली की खाली उतरे. पत्रकं लिहून झाली की दोघी बायकांना समोर बसवून वाचून दाखवीत आणि विचारीत, "कसं वाटलं?" बसल्या बसल्या डुलकी काढून झालेली अंबूबाई म्हणे, "लय ग्वाड." कृष्णातला पत्र लिहून द्या म्हटलं, तर ते मात्र नाही. हस्ताक्षर ओळखलं जाईल, म्हणाले.

साखर येत होती ती कृष्णातच्या मनिऑर्डरीतून. इंग्रज सरकार महिन्याच्या महिन्याला शिपायाच्या घरी पैसे पाठवी, आणि त्याच सरकारला हवा असलेला माणूस त्या पैशातली साखर दोन-दोन चमचे घालून ढवळी. अंजनाला त्याचं हसू येई, पण मनातल्या मनात.

मात्र खोटं कशाला बोला, त्या माणसाच्या जिभेवर जादू होती. तो बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, जगात शहाणे असे आपणच. शेणानं माखलेल्या हातांनी अंजना दारात उभी राहिली तरी तो विचारी, "ताई, तुझं मत काय? स्वराज्यात बाईला काय पाहिजे?" तिला जन्मात असं कुणी विचारलं नव्हतं. तिच्या सगळ्या कुरकुरी त्या एका प्रश्नात विरघळून जात.

दिवाळीच्या तोंडावर फौजदार आलाच. चार पोलीस घेऊन सरळ अंगणात. लालासाहेब माजघरातल्या ज्वारीच्या कणगीमागं शिरले. अंजनानं पदर सावरला, तांब्या भरून आणला आणि भिंतीवरच्या फोटोखाली उभी राहिली. फोटोत कृष्णात पलटणीच्या कपड्यात.

"धनी बर्म्यात हायती, सायेब," ती म्हणाली. "चार म्हैनं झालं, पत्र न्हाई. तुमास्नी काय खबर हाय का?" आणि ती रडली. रडणं खोटं काढायला गेली आणि खरंच आलं. फौजदार ओशाळला. फोटोला सलाम ठोकून, पाणी पिऊन, निघून गेला. लालासाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचं धोतर घामानं चिंब झालं होतं.

भाऊबीजेला अंजनानं त्यांना ओवाळलं. तिला पाठचा भाऊ नव्हता. ताटात घालायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खरोखरच आले होते, हे अंजनानं निरांजनाच्या उजेडात जवळून पाहिलं.

"ताई, ओवाळणी म्हणून शब्द घालतो," ते म्हणाले. "उद्या स्वराज्य येईल. तेव्हा तुझ्या मालकांना कुणी इंग्रजाचा चाकर म्हणालं, तर मी भर सभेत उभा राहीन. सांगेन, की या शिपायाच्या घरानं मला वाचवलं."

दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढच्या वर्षी अंबूबाईही गेली. घरात कोण येऊन राहिलं होतं ते तिनं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

कृष्णात सेहेचाळीसात परत आला. डाव्या हाताची दोन बोटं बर्म्यात ठेवून आला होता. गावानं त्याला काय दिलं? पाठ दिली. त्याच्या घराण्यात जोतिबाच्या सासनकाठीचा मान. चैत्राच्या यात्रेत गावाची ती उंच, कापडानं मढवलेली काठी पहिल्यांदा उचलायची ती त्याच्याच घरानं. बाप गेल्यावर काठी त्याच्या खांद्यावर आली होती. तो लढाईवर होता तोवर भावकीनं ती सांभाळली. आता गावचे पंच नाथाजी म्हणाले, "पोरं तुरुंगात सडत हुती तवा तू इंग्रजाचं मीठ खात हुतास. औंदा काठी दुसरं कुनीतरी उचलंल."

कृष्णात भांडला नाही. घरी येऊन उंबऱ्यावर बसला आणि हाताची उरलेली बोटं बघत राहिला. तेव्हा अंजनानं त्याला सगळं सांगितलं. चहा, पाल, कणगी, भाऊबीज. ऐकता ऐकता तो कितीतरी महिन्यांनी हसला.

त्यानं नाथाजींना गाठलं. नाथाजींना आधी ठसकाच लागला. "लालासाहेब? तुझ्या घरात? आरं गड्या, लालासाहेबांस्नी सवताच्या तोंडानं सांगू दे, काठी तुझीच."

मग मास्तरांकडून कार्ड लिहवून घेतलं. बोरखडी, शिपाई कृष्णात, त्याची बायको अंजना, भाऊबीजेची आठवण, काठीचा मान, सगळं त्यात घातलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "पत्र पावले. फाल्गुनात सांगलीस सभा आहे. अवश्य यावे." खाली चिटणिसाची सही. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, कृष्णातनं चारदा वाचायला लावलं. अंजनानं नवं लुगडं घेतलं. बायका विचारीत तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात म्हणे, "भावाच्या सभंला चाललीया."

आता एक गोष्ट बोरखडीत कुणाला ठाऊक नव्हती, ती शहरात सगळ्यांना ठाऊक होती. लालासाहेबांना पुढं निवडणूक लढवायची होती, आणि त्यांचे विरोधक चौकाचौकांत सांगत होते की चळवळीच्या दिवसांत हा पुढारी कुठंतरी खाटेवर बसून साखरेचा चहा पीत होता. आरोप खरा असला की माणसाला फार लागतो.

सांगलीला कृष्णेच्या घाटावर सभा होती. हळदपेठेतले व्यापारी पुढच्या सतरंजीवर, मागं खेड्यापाड्यांतली माणसं. बोरखडीची पंधरावीस मंडळी नाथाजींसोबत आली होती. कृष्णात आणि अंजना त्यांच्यातच बसली. लालासाहेब उभे राहिले तेव्हा अंजनाचा ऊर भरून आला. पोट थोडं वाढलं होतं, आवाज तोच. ती नवऱ्याच्या कानाशी लागली, "बघा, असंच बोलायचं आपल्या घरात."

लालासाहेब अर्धा तास बोलले. मग आवाज खाली आणला.

"लोक विचारतात, त्रेचाळीस साली मी कुठं होतो. सांगतो. मी उसाच्या फडात होतो. पावसात. अंगात ताप. आष्ट्यापलीकडं बोरखडी म्हणून गाव आहे. तिथल्या एका वस्तीवर मी दार वाजवलं. म्हटलं, माय, घोटभर पाणी दे. पण घर होतं इंग्रजाच्या शिपायाचं! बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मित्रहो, त्या रात्री मी डबक्यातलं पाणी प्यायलो. पण त्या बाईवर माझा राग नाही. गुलामीचं अन्न पोटात गेलं की माणुसकी अशीच मरते."

"शरम! शरम!" घाटावर एकच गलका झाला. बोरखडीची मंडळी ओरडली नाहीत. ती सगळी वळून अंजनाकडं बघत होती. साऱ्या गावात शिपायाचं घर एकच होतं.

अंजनाला आधी वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. मोठी माणसं बोलतात त्यात काही खोल असतं, पुढं उलगडेल. पण पुढं काही उलगडलं नाही. पुढं टाळ्या झाल्या. मग तिला कार्ड आठवलं. गावाचं नाव, शिपायाचं घर, सगळं आपणच लिहून पाठवलं. आपण आठवण दिली आणि त्यानं त्या आठवणीचाच काटा काढला. आता ती उद्या कुठंही सांगायला गेली असती तरी लोक म्हणणार, दार लावणारी ती हीच.

ती उठली. कृष्णातनं "अंजना" म्हणून हाक मारली तरी थांबली नाही. गर्दीतून अंग चोरत ती व्यासपीठाच्या पायरीपाशी गेली. लालासाहेब हारांचं ओझं सांभाळत खाली उतरत होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि ओळखलं. डोळ्यांत ओळख आली, थांबली आणि गेली, हे तिनं दोन हातांवरून पाहिलं.

"दादा, मी अंजना," ती म्हणाली. "भाऊबीजंला तुमी सबुद दिला हुता. माज्या मालकाला येवढं सांगा, की तुमी आमच्या घरात हुता. त्येंला येकट्यालाच सांगा. सभंला नगा सांगू."

लालासाहेबांनी हात जोडले. चेहऱ्यावर केवढी माया! बाजूच्या माणसांकडं वळून म्हणाले, "बघा, गावोगावच्या भगिनी अशा भाऊ मानतात. हेच माझं धन." आणि तिला म्हणाले, "बाई, काही निवेदन असेल तर चिटणिसांजवळ द्या हं." माणसं कौतुकानं हसली. एकानं तिला हळूच बाजूला केलं. मागं वळून बघते तो कृष्णात दोन पावलांवर उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

आष्ट्याच्या सर्व्हिस मोटारीला अजून तासभर होता. गावची मंडळी अड्ड्यावर एका बाजूला बसली, ही दोघं दुसऱ्या बाजूला. नाथाजींनी यांच्याकडं पाठ केली. बोलायची गरजच उरली नव्हती, काठी गेली होती. कृष्णातनं पिशवी पायाशी ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "अंजना, येक इचारतो. रागावनार न्हाई. त्यो खरंच आला हुता का गं आपल्या घरात?"

त्यानं थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. लालासाहेब परका होता, त्यानं दगा दिला तो दिला. पण हा प्रश्न आता घरातच येऊन बसला, तो कसा बाहेर काढायचा? साक्षीला अंबूबाई नव्हती. मुंडासंवाला कोण ते ठाऊक नव्हतं.

खूण तिच्याजवळ एक होती. लालासाहेबांच्या उजव्या मांडीवर, पार वर, भाजल्याचा मोठा जुना डाग होता. तिथं गळू ठणकायला लागलं तेव्हा अंबूबाईनं हळदीचं पोटीस बांधलं होतं आणि अंजनानं कंदील धरला होता. एवढं सांगितलं की झालं. कुणीही जाऊन बघावं, बोलाचालीच नको. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. चार वर्षं बाहेर राहून आलेला पुरुष. त्याला हे सांगायचं? आज तो विचारत होता, आला होता का. उद्या जे विचारील ते तोंडानं विचारणारसुद्धा नाही, नुसतं मनात ठेवील, आणि तिला जन्मभर उत्तर देता येणार नाही. तिनं ते शब्द गिळले.

"न्हाई," ती म्हणाली. "कुनी आलं नव्हतं. तुमच्या काठीपायी खोटं बोलले मी."

कृष्णातनं मान हलवली. तो रागावला नाही. मोटार लागली, माणसं उठली, तोही उठला. पिशवी खांद्याला लावली आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "मग पानी तरी द्यायचं हुतंस गं त्येला."