रोखीची रांग

पावतीवरची शाई उन्हानं पुसट होत आली होती, पण वेळ अजून वाचता येत होती — सात बावन्न. कालची. गाडीच्या समोरच्या काचेखाली अशा कितीतरी पावत्या दाटीवाटीनं बसल्या होत्या, टोलनाक्यावरच्या, आणि प्रत्येकीवरची फक्त वेळ त्याच्या कामाची. सात बावन्न म्हणजे अठ्ठावीस मिनिटं मिळाली. आठ चार म्हणजे चाळीस — चैनच की…

"बाबा, डावीकडची रांग घे ना! सगळी गाढवंसुद्धा तिकडून सटकली आणि आपण इथे मुंगीच्या वरातीत!"

लेक. शेजारच्या सीटवर गुडघे वर घेऊन, केस अर्धेच विंचरलेले. दोन वर्षांपूर्वी ती आईबरोबर पुलापलीकडे राहायला गेली, शाळा मात्र अलीकडेच राहिली, म्हणून रोज सकाळी तो रिकामी गाडी घेऊन पलीकडे जायचा आणि तिला घेऊन परत यायचा. येताना नाका. टॅगवाल्यांच्या रांगा चार, भराभर पळणाऱ्या. रोखीची एकच, आणि तो नेमानं तिच्यातच शिरायचा.

"तिकडे टॅग लागतो," तो म्हणाला. रोजच्यासारखंच.

टॅग होता. मागच्या हिवाळ्यात घेतलेला, पाकिटासकट सीटखाली. चोरीच की ही — पोटच्या पोरीची मिनिटं चोरायची… पण मग दिवसभर कवळ्या घडवायच्या, दुसऱ्यांचं हसू घासूनपुसून चकचकीत करायचं, समोर प्लास्टरचे जबडे, आ वासलेले आणि मुके. संध्याकाळी दार उघडलं की 'आलास?' म्हणायला फक्त कुलपाची खटकी. त्यातून ही सकाळची बडबड — गणिताच्या बाईंची शिंक, मैत्रिणीचं रुसणं, आईनं कापलेले वाकडे केस — हीच काय ती शिदोरी. ती बोलायची, तो ऐकायचा. उद्यापासून तेही नाही.

पुलाच्या मधोमध नवे रूळ चकाकत होते. उद्या सुरू होणारी ट्राम चाचणीसाठी सुळकन निघून गेली, दिवे लागलेले, आत चिटपाखरू नाही.

"नऊ मिनिटं, बाबा! घर ते शाळा!" गळ्यातला नवाकोरा पास तिनं नाचवला. "उद्या अर्धा तास जास्त घोरणार मी."

"घोर."

"आणि तुझीही सुटका. रोजचा हा द्राविडी प्राणायाम!"

सुटका… घशाशी वाक्य आलं — रविवारी येशील? बुधवारी तरी? — तेवढ्यात पुढची गाडी हातभर सरकली, त्यानं क्लच सोडला, वाक्य खाली उतरलं.

खिडकीतल्या बाई पावती देताना हसल्या. "काय दादा, बाकीचा नाका मोकळा आणि तुम्ही रोज आमच्याच दारात?"

"टॅग आहे हो बाबांकडे," लेक पुढे वाकून म्हणाली. "सीटखाली."

आडवा दांडा वर गेला. गाडी हलेना. मागून हॉर्नचा गलका.

"तुला… कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. पेन पडलं होतं माझं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं खांदे उडवले. "तू तरी कुठे बोललास?"

शाळेपर्यंत ती गप्प. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे हिवाळ्यापासून, रोज, 'डावीकडची घे' असा गळा काढत होती, ते घाई होती म्हणून नव्हे… रोज त्याला बोलायला एक दार उघडून धरत होती, आणि तो रोज म्हणत होता, टॅग लागतो.

फाटकाशी ती उतरली. दार लावता लावता वाकली. "काही म्हणत होतास?"

"नाही. काही नाही… जा, उशीर होईल."

"नाही होत," ती म्हणाली, आणि क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग गेली, दप्तर हिंदकळत, मैत्रिणींच्या घोळक्यात, मागे न बघता.

एकटेपणा काही नवा नव्हता. तो आजवर पुलानं दिलेला होता, तिच्या आईनं दिलेला, उद्या ट्रामनं दिला असता, आणि दिलेली वस्तू माणूस निमूट सांभाळतो… आज मात्र तो जवळून पाहिला, मेणाचा साचा उजेडात धरावा तसा, तर बोटांचे ठसे सगळे त्याचेच होते — ताजे, अजून मऊ.