चाळीस की पन्नास

माझा नवरा मला फसवत होता, तेही धनुष्याच्या बाबतीत. दुसरी बाई असती तर निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

खांद्याच्या ऑपरेशनआधी मी पन्नास पौंडांचं कंपाउंड धनुष्य ओढायची. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोल्ट असतो. दोन्ही सारखेच सैल केले की ताण कमी होतो, आवळले की वाढतो. रेंजवरची सगळी धनुष्यं माझा नवराच लावून देतो, म्हणून त्याला पानेवाला म्हणतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाळीसच्या पुढे जाऊ नका. पण रविवारी संघाची निवड होती. मी "पन्नासच कर" म्हणून हटून बसले.

त्याने धनुष्य आणून दिलं. हॉलमधल्या सरावात माझा पहिलाच बाण टार्गेटच्या मधोमध, पिवळ्यात गेला. मी तर हवेतच! त्याहून मोठा पुरावा म्हणजे, पूर्वी टार्गेटमध्ये रुतलेला बाण उपटायला मला दोन्ही हात लागायचे, आता एकाच हाताने निघत होता. येईल त्याला मी दंड फुगवून दाखवत होते.

काल मैत्रिणीचे बाण काढायला गेले. ती पन्नासचंच धनुष्य ओढते. तिचा बाण दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझे बाण सहज निघत होते, कारण ते आत रुततच नव्हते.

तशीच नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. धनुष्याची दोरी ताण मोजायच्या टांगत्या काट्याच्या हुकात अडकवली आणि धनुष्य खाली ओढलं. चाळीस.

"नेम धरायची साइटही तूच खाली सरकवलीस ना?" मी नवऱ्यावर ओरडले. "बाण खाली पडून मला कळू नये म्हणून!"

"तुझा चेहरा बघवत नव्हता," तो म्हणाला. "वाटलं, हळूहळू वाढवत नेईन."

"आत्ताच्या आत्ता पन्नास कर."

"अगं, खांदा जाईल."

"खांदा माझा आहे. कर!"

त्याने वरचा बोल्ट आवळला, मग खालचा, असं आलटून पालटून करत काट्यावर पन्नास आणलं आणि धनुष्य माझ्या हातात दिलं. मी ओढलं. दोरी निम्म्यावरही येईना. मग नवशिके करतात तसं धनुष्य आभाळाकडे उचलून जोर लावला, तर खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कशीबशी दोरी सावकाश परत जागेवर नेली आणि तिथेच स्टुलावर बसून रडले.

रविवारी मैदानात पन्नास मीटरवर वाऱ्यात माझे चाळीसचे बाण कुठे जातील, ते कोणी सांगायची गरज नव्हती. नवऱ्याने पाणी आणलं. मी घेतलं नाही. इतके दिवस मी खूश होते, आणि ती खुशी माझ्या खांद्याची नव्हती, त्याच्या पान्याची होती. याचाच राग जास्त होता.

मी प्रशिक्षकांना फोन लावला.

"सर, रविवारी माझं नाव नका धरू."

मनात सगळी कारणं जुळवून ठेवली होती. ऑपरेशन, डॉक्टर, वारा. सरांनी काही विचारलंच नाही.

"बरं झालं, तूच म्हणालीस," ते म्हणाले. "तुला कसं सांगायचं, तेच मला कळत नव्हतं."